होकार-नकाराची हाडं

या प्रवासाला अट एकच आहे. ज्या काळात उतराल, त्या काळातली मान घ्यायची. विचार तुमचे, नजर तुमची, आठवणीही तुमच्याच. पण डोकं आणि धड यांच्यामधला सांधा त्या युगात जो मिळत असेल तो. आजची मान सोबत नेलीत तर फारसं काही कळणार नाही, कारण हा सांधा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आहे हेच आपण विसरतो. संग्रहालयातही लोक कवटीकडे समोरून बघतात. दात, डोळ्यांच्या खोबणी, जबडा बघून पुढे सरकतात. कवटीच्या मागे जाऊन, वाकून, ती धडाला कशी जोडली गेली असेल हे पाहणारा माणूस विरळाच. आपण मागच्या बाजूनेच जाणार आहोत.

38 कोटी वर्षं मागे. जागा आजच्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली, मिगुआशा नावाची. आज तिथे थंड पाण्याकाठचे उंच कडे आहेत. तुम्ही उतरता तेव्हा ती विषुववृत्ताजवळची कोमट, गढूळ खाडी आहे. तुमच्या अंगावर खवले आहेत आणि परांच्या मुळाशी दणकट हाडं. तुम्ही युस्थेनॉप्टेरॉन नावाचा मासा आहात.

डावीकडून एक लहान मासा सुळकन जातो. तुम्ही डोकं वळवता. ते वळत नाही. पुन्हा जोर लावता, तेव्हा डोक्यासकट तुम्ही अख्खे, शेपटीपर्यंत वळता. तोवर भक्ष्य निघून गेलेलं असतं. पण एकदा ही रीत समजली की शेपटीच्या एका फटक्यात तुम्हीही त्याच्या मागे असता.

तुमच्या कवटीच्या मागच्या कोपऱ्यातून एकाला एक जोडलेली हाडं खाली खांद्यापर्यंत आली आहेत. कल्ल्यांवर हाडांचं झाकण आहे आणि तेही डोकं व खांदा यांच्यामधली जागा भरून टाकतं. पाठीतून आलेला पृष्ठरज्जू, म्हणजे मणके पक्के होण्याआधीचा तो लवचीक दांडा, थेट कवटीच्या तळात शिरलेला आहे. डोकं कुठे संपलं आणि धड कुठे सुरू झालं, असं बोट ठेवून सांगता येणार नाही. पाण्यात याचं काही अडत नाही. पाणी सगळं वजन पेलतं, अंग वळवायला कष्ट पडत नाहीत, आणि वेगाने पोहताना डोकं डगमगलं तर उलट नुकसानच होईल. मान नसणं ही इथे उणीव नाही, हे अंगाने अनुभवल्याशिवाय पुढच्या मुक्कामाचं महत्त्व लक्षात येत नाही.

पुढचा मुक्काम फक्त 50 लाख वर्षं अलीकडे आहे. 37 कोटी 50 लाख वर्षांपूर्वी, आज आर्क्टिकमध्ये गोठलेल्या एल्समिअर बेटावर. त्या वेळी तेही विषुववृत्ताच्या जवळपास होतं. एक उथळ ओढा, इतका उथळ की तुमचं पोट चिखलाला टेकलं आहे. डोकं चपटं झालं आहे, डोळे कपाळावर आले आहेत, आणि पुढच्या परांमध्ये कोपर आणि मनगट म्हणता येईल अशी हाडं आहेत. त्या परांवर भार देऊन तुम्ही पुढचं अंग उचलता.

इथे पुन्हा डावीकडे काहीतरी हलतं. अंग चिखलात रुतलेलं आहे. शेपटीचा फटका मारून वळावं इतकं पाणी नाही. मिगुआशाची युक्ती इथे निकामी आहे. सवयीने, फारशी आशा न ठेवता, तुम्ही डोकं वळवता.

आणि डोकं वळतं. खांदे जागच्या जागी आहेत, पोट जागच्या जागी आहे, फक्त डोकं डावीकडे गेलं आहे. थोडंच गेलं आहे. पण तोंड भक्ष्यापर्यंत पोहोचायला तेवढं पुरेसं आहे.

हा प्राणी टिक्टालिक. 2004 च्या उन्हाळ्यात नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेनकिन्स यांच्या चमूला त्याचे सांगाडे एल्समिअरच्या खडकात सापडले आणि 2006 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. बातम्यांत गाजले ते त्याचे पर, कारण पाय कुठून आले ही गोष्ट सांगायला सोपी असते. मला विचाराल तर या प्राण्याचं खरं धाडस परांच्या जरा वर आहे. खांद्याला कवटीशी बांधणारी हाडं नाहीशी झाली आहेत. कल्ल्यांवरचं हाडाचं झाकणही गेलं आहे. डोकं आणि खांदा यांच्यामध्ये पहिल्यांदाच मोकळी जागा आहे.

त्या जागेत थोडं थांबा. ती मोकळी आहे याचा अर्थ तिथे हाडांचं संरक्षण नाही. रक्तवाहिन्या, अन्नाची वाट, सगळं आता मांस आणि कातडीच्या भरवशावर आहे. झाकण गेल्यामुळे कल्ल्यांवरून पाणी खेळवायची जुनी सोयही ढिली पडली. श्वासासाठी तोंडाचा तळ खालीवर करून पाणी आणि हवा आत घेण्यावर भिस्त वाढली. हलणारं डोकं हवं असेल तर ते धडापासून सुटं करावं लागतं, आणि सुटं केलेलं डोकं जपावं लागतं. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर हाच व्यवहार नव्या अटींवर होताना तुम्हाला दिसेल.

आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. त्या चमूतले फॅरिश जेनकिन्स तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. हार्वर्ड विद्यापीठातल्या या शरीररचनाशास्त्रज्ञाने तरुणपणीची वर्षं मानेच्याच दुसऱ्या एका टोकावर घालवली होती: सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचे पहिले दोन मणके. त्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे. एकाच माणसाच्या हातून या सांध्याच्या इतक्या दूरदूरच्या दोन वळणांवर प्रकाश पडावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ग्रीनलँडच्या ॲकॅन्थोस्टेगाला वळसा घालून आपण पुढे जाऊ. त्याला बोटं फुटली आहेत, पण पृष्ठरज्जू अजूनही कवटीच्या तळात घुसलेलाच आहे. खराखुरा सांधा घ्यायला 31 कोटी वर्षांपूर्वीच्या नोव्हा स्कोशियात उतरावं लागतं. जॉगिन्सच्या कड्यांत उभ्या झाडांचे बुंधे दगड होऊन राहिले आहेत. त्यातल्या एका पोकळ बुंध्यात तुम्ही आहात. वीतभर लांबीचे, सडपातळ, पालीएवढे. हा हायलोनोमस, आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यांत जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक. विल्यम डॉसन यांनी 1860 मध्ये त्याला नाव दिलं.

इथे हवा आहे, आणि हवा वजन पेलत नाही. डोकं वर धरायचं तर मानेच्या स्नायूंनी सतत ओढून धरावं लागतं. त्याच वेळी किडा डावीकडे असेल तर डावीकडे, वर असेल तर वर, झटक्यात तोंड न्यावं लागतं. या वंशाला त्याचं उत्तर सापडलं ते एका गोळ्यात. कवटीच्या मागे, मज्जारज्जू बाहेर पडतो त्या महारंध्राच्या अगदी खाली, हाडाचा एक गोल उंचवटा आहे. त्याला कॉन्डाइल म्हणतात. हा गोळा पहिल्या मणक्याच्या खळग्यात बसतो आणि सगळ्या दिशांना फिरतो. आपल्या खांद्याच्या सांध्याची जात तीच.

तो खळगा मात्र एका हाडाचा नाही. पहिला मणका, ॲटलस, इथे सुट्या तुकड्यांचा आहे: खाली एक पाचरीसारखा तुकडा, दोन्ही बाजूंना मज्जारज्जूला कवेत घेणाऱ्या दोन कमानी, आणि मागे मणक्याचा मधला ठोकळा. कवटी आणि ॲटलस यांच्यामध्ये वरच्या बाजूला आणखी एक छोटी जोडी आहे, प्रोॲटलस. डोकं खाली झुकलं की उघडी पडणारी फट झाकायला. ही नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, तुकडे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या तुकड्यांच्या वाटणीची आहे.

आता आफ्रिकेकडे. 25 कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण आफ्रिकेचं कारू खोरं. पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा संहार नुकताच होऊन गेला आहे. बाहेर रखरखाट आहे आणि तुम्ही जमिनीखाली, बिळात, अंगाचं मुटकुळं करून पडला आहात. मांजराएवढे असाल. नाव थ्रिनॅक्सोडॉन. शेजारी कोणीतरी आहे. ओलसर कातडीचा, रुंद डोक्याचा एक उभयचर, ब्रूमिस्टेगा. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि सांधत आल्या आहेत. तो तुमच्या बिळात का शिरला, तुम्ही त्याला का खाल्लं नाहीत, हे विचारायला वेळ मिळणार नाही. पूर येतो आणि गाळाने बीळ भरून जातं. 1975 मध्ये जेम्स किचिंग यांनी हा दगड गोळा केला. आत दोघंही आहेत हे मात्र फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी उघड केलं, तेव्हा 2013 साल उजाडलं होतं.

पूर यायच्या आधी मान हलवून बघा. खालीवर करा: सहज होते, हायलोनोमसपेक्षा कितीतरी सहज. आता डावी-उजवीकडे फिरवा. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये काहीतरी अडतं. मागे हात फिरवता आला असता तर कळलं असतं की तिथे गोळा एक नाही, दोन आहेत. महारंध्राच्या दोन बाजूंना एकेक.

याच दोन गोळ्यांनी एकोणिसाव्या शतकात मोठा वाद पेटवला होता. बेडकाच्या कवटीमागे दोन कॉन्डाइल असतात, सस्तन प्राण्यांच्या कवटीमागे दोन, आणि सरडे, मगरी, पक्षी यांच्या एकच. मग सस्तन प्राणी सरपटणाऱ्यांच्या वाटेने आले असतील कसे? थॉमस हक्सलींसारख्या दिग्गजाचं मत उभयचरांच्या बाजूने झुकलं होतं. उत्तर लपलं होतं ते त्या एका गोळ्याच्या घडणीत. तो गोळा मुळात तीन हाडांच्या टोकांनी बनतो: मधलं एक आणि बाजूची दोन. कासवाच्या कवटीमागे आजही त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात. मधला भाग मागे सरला, बाजूचे दोन वाढले, की एकाचे दोन होतात. हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न यांनी 1900 मध्ये हाच धागा पकडून मांडणी केली, आणि कारूच्या जीवाश्मांमध्ये मधले टप्पे मिळतात. बेडकाचे दोन गोळे आणि तुमचे दोन गोळे यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन घराण्यांनी आपापल्या गरजेने ते वेगवेगळे घडवले.

गरज कोणती, हे आता तुमच्याच मानेत जाणवेल. गोळा महारंध्राच्या खाली असेल तर डोकं त्या खालच्या बिंदूभोवती झुकतं. मज्जारज्जू त्या बिंदूच्या वर असतो, त्यामुळे डोकं खाली गेलं की तो ताणला जातो. गोळे दोन्ही बाजूंना, थोडे वर सरकले की झुकण्याचा आस मज्जारज्जूच्या पातळीवर येतो. मग कितीही मान झुकवा, ताण जवळजवळ नाही. जेनकिन्स यांनी 1971 मध्ये आफ्रिकेतल्या या प्राण्यांच्या सांगाड्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा विचार मांडला आहे. सहज होणारा होकार अशा रीतीने सस्तनांच्या घराण्यात आला.

पण दोन गोळ्यांवर टेकलेलं डोकं फिरत नाही. नकाराचं काय करायचं? ते काम कवटीपासून काढून एक पायरी खाली सरकवण्यात आलं, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मध्ये. थ्रिनॅक्सोडॉनमध्ये ॲटलसचे तुकडे अजून सुटे आहेत. त्याच्या वंशात पुढे त्यांची वाटणी होते. दोन कमानी आणि खालचा पाचरीचा तुकडा एकत्र येऊन एक कडं बनतं. मधला ठोकळा मात्र स्वतःच्या मणक्याला सोडून मागच्याला, म्हणजे ॲक्सिसला, कायमचा जोडला जातो. त्यातून वर एक खुंट उभा राहतो आणि ॲटलसचं कडं त्याच्याभोवती फिरतं. जात्याच्या खालच्या दगडातल्या खिळ्याभोवती वरचा दगड फिरावा, तसं. हा खुंट म्हणजेच ॲटलसचा हरवलेला ठोकळा, असं बरीच पुस्तकं सांगतात. जेनकिन्स यांनी 1969 च्या आपल्या लेखात वेगळं म्हटलं: ठोकळा ॲक्सिसच्या पुढच्या भागात जिरला आहे आणि खुंट ही त्यातून निघालेली, सस्तनांची स्वतःची, नवी वाढ आहे. मला हा बारीक वाद महत्त्वाचा वाटतो. जुनं हाड दुसऱ्या कामाला लावणं आणि जुन्या हाडातून नवं हाड उगवणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कोणती घडली हे शोधायला माणसाने हे मणके वर्षानुवर्षं हाताळले.

जाता जाता थ्रिनॅक्सोडॉनच्या मानेतले मणके मोजा. सात भरतील. जिराफाच्या मानेत सात, उंदराच्या सात, देवमाशाच्या सात, तुमच्या सात. हा आकडा मोडणारे सस्तन प्राणी अगदी मोजके, स्लॉथ आणि मॅनेटी.

बिळातून वर या आणि पूर्वेकडे चला, जमिनीवरून वाट सलग आहे कारण भारत आणि आफ्रिका अजून जोडलेले आहेत. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी तुम्ही पोहोचता ते प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्याच्याच नावाने हे खडक जगभर ओळखले जातात, कोटा फॉर्मेशन. या खडकांच्या तेलंगणाच्या बाजूच्या पट्ट्यात, पोचमपल्लीजवळ, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने 1960 च्या आसपास मोठं खोदकाम केलं आणि 1975 मध्ये तिथे मिळालेल्या डायनासोरला नाव दिलं: बारापासॉरस टागोराय.

आता तुम्ही 12 ते 14 मीटर लांब आहात. मानेचा पल्ला इतका की पाय न हलवता भोवतालचं सगळं चरून घेता येतं. चार पावलं टाकायला जितकं बळ लागतं, त्याहून मान फिरवायला फार कमी लागतं, आणि एवढं धड असलेल्या प्राण्याला हा हिशोब पाळावाच लागतो. पण मान लांबवायची तर टोकाचं वजन कमी हवं. म्हणून डोकं लहान आहे, हलकं आहे. चावणं नाही, नुसतं ओरबाडून गिळणं. चावायचं म्हटलं तर मोठे जबडे आले, जड स्नायू आले. तुमच्या कवटीच्या मागे तोच जुना एक गोळा आहे. कारूच्या मंडळींनी जी वाट धरली तिच्याशी तुमच्या घराण्याचं देणंघेणं नाही. एका गोळ्यावर तोललेलं हलकं डोकं चारी दिशांना वळतं आणि जिवंतपणी त्याला काहीच त्रास होत नाही.

त्रास होतो तो मेल्यावर, आणि तो आपल्याला होतो. पूर येतो. मोठाले वृक्ष उन्मळून वाहत येतात, त्यांच्यासोबत तुमच्या कळपातले प्राणी. हाडं आणि झाडांची खोडं एकत्र गाडली जातात. उत्खननात ती तशीच एकत्र मिळाली. किमान सहा प्राण्यांची सुमारे 300 हाडं. मणके मिळाले, मांड्या मिळाल्या, खांदे मिळाले, सुटे दातही मिळाले. कवटी मिळाली नाही. 2010 मध्ये या हाडांचा नव्याने सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही कवटी नाही. त्याच खोऱ्यातल्या कोटासॉरसची कथा हीच. मांस कुजलं की त्या एकुलत्या गोळ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, डोकं सगळ्यांत आधी सुटतं, आणि पातळ हाडांची ती हलकी कवटी पाण्यासोबत जाते.

अमेरिकेतही यातून सुटका झाली नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातल्या ॲपॅटोसॉरसच्या धडावर अनेक दशकं कॅमॅरासॉरस नावाच्या भलत्याच डायनासोरच्या घाटाचं डोकं बसवलेलं होतं. 1979 मध्ये ते उतरवून योग्य कवटी चढवण्यात आली. पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनी चुकीचं डोकं पाहून चित्रं काढली, ती एका सैल सांध्यामुळे. सिरोंच्याच्या बाजूला कधी गेलात आणि नदीकाठच्या लाल-पांढऱ्या दगडांत काही हाडासारखं दिसलं, तर ते उचलून घरी आणू नका. ज्याच्या शेजारी जे सापडतं ते त्याचंच आहे हे ठरवायला जागा लागते, आणि उचललेल्या दगडाची जागा पुसली जाते. एखाद्या कवटीमागचा तो गोळा तिथे कुठेतरी असेलही.

पुढचा मुक्काम शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात. वरोऱ्याजवळचं पिसदुरा, साधारण 7 कोटी वर्षांपूर्वीचं. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा लोंढा अजून यायचा आहे. गोड्या पाण्याच्या तळ्यात तुम्ही कासव आहात, आणि काठावर टायटॅनोसॉर फिरत आहेत. याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर अशाच एका डायनासोरचा बऱ्यापैकी भरलेला सांगाडा मिळाला, आयसिसॉरस. मान आहे, पाठ आहे, पुढचा पाय आहे. कवटी? तीही नाही.

एका टायटॅनोसॉरचं पाऊल तळ्याच्या कडेला पडतं. चिखल उसळतो. घाबरून तुम्ही डोकं आत घेता, आणि थक्क होता. डोकं सरळ मागे जात नाही. मान आडवी दुमडते आणि डोकं कवचाच्या कडेखाली, पुढच्या पायाजवळ, बाजूला जाऊन टेकतं. एक डोळा अंधारात, एक बाहेर बघत.

आज भारतात जेवढी कासवं आहेत ती सगळी मान उभी वळवून, सरळ मागे ओढतात. आडवी मान दुमडणारी कासवं आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी इथे राहतात. पिसदुऱ्याच्या या कासवाचं वर्णन सोहनलाल जैन यांनी 1977 मध्ये केलं आणि अलीकडे त्याच्या प्रजातीला त्यांचंच नाव मिळालं, जैनेमिस. विदर्भातल्या मातीत या घराण्याचं असणं म्हणजे भारत एके काळी त्या दक्षिणेकडच्या भूखंडांसोबत होता याची खूण आहे. नकाशावरची एवढी मोठी गोष्ट मान कोणत्या बाजूला दुमडते यावरून कळावी, यात मला या विषयाची सगळी गोडी दिसते.

कासवाच्या मानेत मणके आठच, या घराण्यातही आणि मान सरळ मागे ओढणाऱ्यांतही. तेवढ्यातच सगळी घडी बसवायची. मान आत घेणं जीव वाचवण्यासाठीच सुरू झालं असेल असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये मिळालेल्या प्लॅटिकेलिस या जुरासिक कासवाचे मणके पाहून 2017 मध्ये अभ्यासकांनी सुचवलं की आधी मान मागे घेतली गेली ती भक्ष्यावर डोकं झटक्याने फेकता यावं म्हणून.

वर्तमानात येताना दोन छोटे थांबे. सांगलीजवळ कृष्णेत मगर व्हा. जॉगिन्सच्या बुंध्यात घेतलेले तुकडे इथे पुन्हा भेटतील: एक गोळा, सुट्या तुकड्यांचा ॲटलस, आणि वरच्या फटीवर बसलेलं प्रोॲटलसचं हाड, जे तुम्हाला वाटलं होतं इतिहासजमा झालं. मगरीच्या मानेच्या मणक्यांना बरगड्या असतात आणि त्या एकमेकींवर चढून मान ताठ ठेवतात. म्हणूनच भक्ष्याचा लचका तोडायला ती डोकं पिळत नाही. अख्खी गिरकी घेते. मिगुआशाचा मासा आठवतो.

मग घुबड. मानेत 14 मणके, एक गोळा, आणि डोकं एका बाजूला 270 अंशांपर्यंत फिरतं. एवढ्या पिळात मेंदूकडे जाणारी धमनी चिरडली कशी जात नाही, याचा शोध अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा मणक्यांमधली ती जाण्याची भोकं धमनीच्या सुमारे दहापट रुंद निघाली. मोकळी जागा ठेवूनच हालचाल मिळवायची, हा हिशोब इथेही तोच.

शेवटचा थांबा आजचा आणि मान तुमची स्वतःची. होकार द्या: कवटी दोन गोळ्यांवर ॲटलसवरून झुकते. नकार द्या: ॲटलससकट कवटी खुंटाभोवती फिरते, डोकं एका बाजूला जेवढं वळतं त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं. खुंट जागेवरून हलू नये म्हणून त्याच्या मागून एक आडवा, चिवट बंध जातो. तो तुटला तर खुंट थेट मज्जारज्जूवर येईल. शल्यचिकित्सक ॲटलसच्या कड्याची आतली जागा ढोबळमानाने तीन हिश्शांत बघतात: एक खुंटाचा, एक मज्जारज्जूचा आणि एक मोकळा. हा मोकळा हिस्सा आहे म्हणूनच छोट्यामोठ्या हिसक्यातून माणूस सहीसलामत सुटतो.

आता क्ष-किरण विभागात एका चार वर्षांच्या मुलीचा फोटो प्रकाशाला धरा. झोक्यावरून पडली, मान दुखते म्हणते. दुसऱ्या मणक्यात, खुंटाच्या तळाशी, एक स्वच्छ काळी रेघ दिसते. नव्या डॉक्टरला ते मोडलेलं हाड वाटू शकतं आणि मुलीच्या आईवडिलांची झोप उडू शकते. अनुभवी डॉक्टर रेघेच्या कडा बघतात, त्या गुळगुळीत आहेत की फाटलेल्या ते तपासतात. या मुलीच्या रेघेच्या कडा गुळगुळीत आहेत. पहिल्या मणक्याकडून आलेला भाग दुसऱ्याला जोडला जाण्याचं काम प्रत्येक मुलाच्या मानेत नव्याने होतं, आणि तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान ही रेघ बुजते. हिची अजून बुजायची आहे. नुसत्या या रेघेमुळे घाबरायला नको.